जुन्या मथळ्यांचं पुढे काय झालं?

प्रश्न असा आहे: ‘वडिलांनी जपून ठेवलेली वर्तमानपत्रांची कात्रणं चाळताना हसून पुरेवाट झाली. यातले काही मथळे तर दुसऱ्याच दिवशी खोटे ठरले असणार. असे मथळे देणाऱ्यांचं पुढे काय व्हायचं? नोकरी जायची का? आणि ज्यांच्याबद्दल मथळा असायचा, त्यांचं काय?’

नोकरी सहसा जात नाही. रात्रपाळीला बसायला तयार असलेला उपसंपादक मिळणं इतकं अवघड असतं, की एका मथळ्यापायी त्याला घालवणं कुठल्याच संपादकाला परवडत नाही. फार तर दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावणं येतं, चार शब्द ऐकून घ्यावे लागतात आणि आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात, कुणाच्या नजरेस पडणार नाही अशा बेताने खुलासा छापला जातो. चूक आठ कॉलमी आणि दिलगिरी पाव कॉलमी, हे प्रमाण मी डेस्कवर होतो तोवर तरी बदललं नाही.

माझी सगळी नोकरी ठाणे-नवी मुंबईच्या पानांवर काम करण्यात झाली, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे. आधी एक सांगून टाकतो. बातमीवर ज्याचं नाव असतं, त्याने मथळा दिलेला नसतो. बातमीदार कॉपी टाकून कधीच घरी गेलेला असतो. मथळा देतो तो डेस्कवरचा माणूस. त्याने ना सभा पाहिलेली असते, ना आग, ना अपघात. त्याच्यासमोर एकाच वेळी पाच बातम्या असतात आणि छपाईवाले ‘पान कधी सोडताय?’ म्हणून दर दहा मिनिटांनी फोन करत असतात. वर जागेचं गणित वेगळंच. दोन कॉलमांत जरा मोठा टाइप घेतला, तर एका ओळीत जेमतेम बारा-चौदा अक्षरं बसतात. त्यात ‘महानगरपालिका’ हा एकच शब्द अर्ध्याहून जास्त ओळ गिळतो. म्हणून तिची ‘पालिका’ होते, मुख्यमंत्र्यांचे ‘सीएम’ होतात आणि बातमीतला ‘कथित’ हा बिचारा शब्द सगळ्यात आधी बाहेर फेकला जातो. पुढे कोर्टात उभं राहायची वेळ येते ती याच शब्दावरून.

ठाण्यातल्या उपसंपादकाच्या नशिबी आणखी एक भोग आहे, जो पुण्या-नाशिकच्या डेस्कला माहीत नाही. आमच्या शहराचं नाव आणि पोलिसांची कचेरी, दोन्ही विभक्ती लागली की ‘ठाण्यात’. विदर्भातले एक आमदार एकदा इकडे मुक्कामाला होते, सकाळी त्यांच्या हस्ते एका शाळेच्या इमारतीचं उद्घाटन होतं. दुसऱ्या एका दैनिकाने सिंगल कॉलमात बातमी दिली: ‘आमदारांची रात्र ठाण्यात’. अंक आमदारांच्या मतदारसंघात पोचला तेव्हा तिथे कार्यकर्ते जमले, घोषणा झाल्या, रास्ता रोकोची तयारी झाली. आमदार इकडे शांतपणे नारळ फोडत होते. मोबाइल नव्हते तेव्हा. त्यांना आपल्या ‘अटके’ची बातमी संध्याकाळी घरी ट्रंक कॉल लावल्यावर कळली, तीही बायकोकडून, आणि बायकोचा पहिला प्रश्न ‘सुटलात कधी?’ असा होता म्हणे. त्यानंतर त्या डेस्कवर फतवा निघाला: शहर असेल तर ‘ठाणे शहरात’, पोलीस असतील तर ‘पोलीस ठाण्यात’, नुसतं ‘ठाण्यात’ कुणी लिहायचं नाही. फतवा महिनाभर टिकला. सिंगल कॉलमात ‘ठाणे शहरात’ बसेना.

खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, हाताने जुळवण्याच्या काळात तर काना, मात्रा, वेलांटी सगळेच परमेश्वराच्या भरवशावर. देवनागरीच्या जुळणीला शेकडो वेगवेगळे खिळे लागत. मात्रा झिजायच्या, अनुस्वार तुटायचे, आणि कंपोझिटरच्या हाताला काना लागायच्या ऐवजी काना-मात्रेचा खिळा लागला की संपलंच. एका साप्ताहिकात ‘चार मंत्री ठाण्यात’ असा मथळा जायचा होता. कशाचं तरी भूमिपूजन होतं. छापून आलं ‘चोर मंत्री ठाण्यात’. म्हणजे त्या दिवशी काना-मात्रा आणि ठाणं, दोघांनी मिळून कट केला होता. संपादक दिवसभर फोनजवळ बसून होते. एकही फोन आला नाही. चौघांपैकी प्रत्येकाने तो मथळा उरलेल्या तिघांबद्दल आहे असं समजून कात्रण खिशात घातलं असणार, असा प्रेसमधल्या जुन्या मंडळींचा कयास होता, आणि मला तो पटतो.

खिळे गेले, संगणक आले. पण दोन बातम्या एकाच मथळ्यात कोंबायची खोड काही गेली नाही. ‘भटक्या कुत्र्यांवरून सभागृहात गदारोळ, बारा जणांना चावे’. यात खोटं काहीच नाही. गदारोळ सभागृहात झाला होता, चावे वागळे इस्टेटमध्ये बसले होते. स्वल्पविराम अशा वेळी काही कामाचा नाही, वाचक तो वाचतच नाही. दुसऱ्या दिवशी एक नगरसेवक कार्यालयात आले, शर्टाच्या बाह्या वर करून दोन्ही दंड दाखवले आणि म्हणाले, ‘बघा, एक तरी व्रण दिसतोय का?’ त्यांना चहा दिला. ते खरं तर खूश होते. त्या आठवड्यात सगळं शहर त्यांची विचारपूस करत होतं.

तुम्हाला हसवणारी कात्रणं बहुतेक या जातीची असतील. या प्रकाराने कुणाचं फार वाकडं होत नाही. ज्या मथळ्यांची खरी किंमत मोजावी लागली, ते दिसायला मुळीच विनोदी नसतात. त्यांच्याकडे वळण्याआधी जगातला सगळ्यात प्रसिद्ध चुकीचा मथळा बघू, कारण तो का चुकला हे कुणी नीट सांगत नाही.

२ नोव्हेंबर १९४८ रोजी अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक झाली. पदावर असलेल्या ट्रूमन यांच्याविरुद्ध डेवी उभे होते. ३ तारखेच्या ‘शिकागो डेली ट्रिब्यून’च्या पहिल्या आवृत्तीचा बॅनर होता, डेवींनी ट्रूमनना हरवलं. निकाल बरोबर उलटा लागला. राज्यांच्या निर्वाचक मतांत ट्रूमन ३०३ विरुद्ध १८९ असे जिंकले. रेल्वेने वॉशिंग्टनला परतताना सेंट लुईसच्या स्टेशनवर त्यांच्या हातात तो अंक पडला, त्यांनी तो दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला आणि तोंडभर हसले. तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला आहे.

लोक म्हणतात, पेपरवाल्यांचा ट्रूमनवर राग होता म्हणून असं झालं. राग होताच. पण नुसत्या रागाने बॅनर छापला जात नाही. त्या छापखान्यातले जुळारी वर्षभर संपावर होते. मालकांनी संपावर तोड म्हणून मजकूर टंकलेखन यंत्रावर टाइप करायचा, त्याचा फोटो काढायचा आणि त्यावरून ठसे बनवायचे, अशी पद्धत काढली होती. तिला वेळ जास्त लागायचा, म्हणून पहिली आवृत्ती नेहमीपेक्षा कित्येक तास आधी बंद करावी लागायची. मतमोजणी नुकती कुठे सुरू झालेली, आणि इकडे मथळा हवा. वॉशिंग्टनचा त्यांचा जुना, मुरलेला बातमीदार आर्थर सिअर्स हेनिंग म्हणाला की डेवीच येणार, सगळ्या चाचण्याही तेच सांगत होत्या. पान सुटलं. चूक उमगेपर्यंत दीड लाखाच्या आसपास अंक छापून झाले होते. ज्यांनी डाक आवृत्ती काढली आहे, त्यांना हेनिंगला हसवत नाही. लांबच्या जिल्ह्यांत जाणारी आमची डाक आवृत्ती संध्याकाळीच सुटायची. क्रिकेटचा सामना रात्री संपणार असला तर डाकेच्या अंकात ‘भारत विजयाच्या उंबरठ्यावर’ आणि शहराच्या अंकात ‘भारताचा दारुण पराभव’, एकाच दैनिकात, एकाच तारखेला. परभणीतला माणूस बिचारा एक दिवस आनंदात काढायचा.

‘ट्रिब्यून’ने पुढे ही चूक मिरवायला सुरुवात केली. पंचविसाव्या वर्षी त्या पानाची प्रतिकृती असलेली पाटी ट्रूमन यांना भेट द्यायची, असंही ठरलं होतं. ते राहिलं, कारण ट्रूमन २६ डिसेंबर १९७२ रोजी वारले.

टायटॅनिकच्या मथळ्याची चर्चा अशा यादीत हमखास होते. १५ एप्रिल १९१२ रोजी न्यूयॉर्कच्या ‘इव्हिनिंग सन’ने सगळे प्रवासी वाचल्याचं छापलं होतं. बिनतारी संदेशांचा घोटाळा झाला होता. पंधराशेच्या वर माणसं बुडाली होती. यात मला हसू येत नाही, म्हणून पुढे जातो.

आपल्याकडचा याच्या तोडीचा प्रकार २२ मार्च १९७९ चा. जयप्रकाश नारायण मुंबईत जसलोकमध्ये उपचार घेत होते, आणि लोकसभेत पंतप्रधान मोरारजी देसाईंनी ते गेल्याचं सांगितलं. सभागृहाने श्रद्धांजली वाहिली, कामकाज तहकूब झालं, आकाशवाणीने बातमी दिली. जेपी जिवंत होते. खुलासा त्याच दिवशी झाला. दैनिकांचं नशीब एवढंच की रात्र अजून व्हायची होती, नाहीतर देशातल्या प्रत्येक भाषेत तो मथळा आठ कॉलमी लागला असता, आणि त्यात डेस्कचा काडीचा दोष नसता. खुद्द पंतप्रधान सभागृहात सांगत असताना ‘साहेब, जरा खात्री करून घेऊ का?’ असं विचारणारा उपसंपादक मी तरी पाहिलेला नाही. जेपी त्यानंतर साडेसहा महिने जगले, ८ ऑक्टोबरला पाटण्यात गेले.

मृत्युलेखांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मोठ्या माणसांचे मृत्युलेख आधीच लिहून ठेवलेले असतात. त्यात अघोरी काही नाही. रात्री साडेअकराला बातमी आली तर चाळीस वर्षांची कारकीर्द पंधरा मिनिटांत कोण लिहिणार? ठाणे जिल्ह्यातल्या एका वयोवृद्ध पुढाऱ्याला याचा सुगावा लागला. ते स्वतः आले, आपला मृत्युलेख मागून घेतला, चष्मा पुसून शांतपणे वाचला आणि त्यात दोन पतसंस्थांची अध्यक्षपदं वाढवून दिली. फोटो बदलायलाही सांगितला.

आता मथळ्यापायी खरोखर तुरुंगात जावं लागलं, त्यांच्याकडे येऊ. मराठीतला सगळ्यात प्रसिद्ध मथळा कोणता, असं विचारलं तर शाळकरी पोरही सांगेल, ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ केसरी, ६ जुलै १८९७. रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या त्यानंतर पुण्यात जी दडपशाही सुरू झाली, तिच्यावरचा तो अग्रलेख. त्या महिन्याच्या शेवटी, २७ जुलैला टिळकांना मुंबईत अटक झाली आणि पुढे अठरा महिन्यांची सक्तमजुरी. त्यामुळे सगळ्यांची समजूत अशी, की ‘डोके ठिकाणावर’ विचारल्याबद्दल सरकारने आत टाकलं. पण खटला भरला गेला तो १५ जूनच्या अंकातल्या मजकुरावर. त्यात ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता होती आणि शिवराज्याभिषेकाच्या उत्सवात झालेल्या भाषणांचा वृत्तान्त. ज्या मथळ्याने सरकारच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, त्यावर कलम लावता आलं नाही. प्रश्नच तो, प्रश्नावर कसला राजद्रोह? म्हणून तीन आठवड्यांमागचे अंक धुंडाळले गेले. ज्युरीचा कौल सहा विरुद्ध तीन.

१९०८ सालची गंमत तर याच्यापुढची. ज्या लेखांवर सहा वर्षांची मंडालेची शिक्षा झाली, त्यांचे मथळे पाहा. एक, ‘देशाचे दुर्दैव’, १२ मेचा. दुसरा, ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’, ९ जूनचा. आजच्या ठाण्यात कुणी हा दुसरा मथळा वाचला तर सोसायटीच्या गच्चीच्या गळतीवर लेख असेल असंच समजेल. इतका सौम्य. मथळ्यांचा आवाज आणि त्यांचा परिणाम यांचा मेळ बसतोच असं नाही, हे मी नव्या मुलांना शिकवताना याच दोन ओळी फळ्यावर लिहायचो. २२ जुलैला शिक्षा सुनावली गेली आणि मुंबईच्या गिरण्यांतले कामगार सहा दिवस संपावर गेले.

त्याचे पडसाद ठाण्यातही उमटले, आणि हा भाग ठाणेकरांनाही फारसा माहीत नसतो. ‘अरुणोदय’ हे साप्ताहिक ठाण्यातून १८६६ पासून निघत होतं, आणि ‘हिंदू पंच’ हे विनोदी साप्ताहिकही ठाण्याचंच. टिळकांच्या शिक्षेमागे गोखल्यांचा हात आहे, अशा अर्थाचा मजकूर ‘हिंदू पंच’मध्ये आला. गोपाळ कृष्ण गोखल्यांसारख्या मवाळातल्या मवाळ माणसाने त्यावर बदनामीचा दावा लावला आणि तो जिंकला. जहालांचं काही बिघडलं नाही, सरकारचं काही बिघडलं नाही, बुडालं ते विनोदी पत्र. विनोदी पत्र चालवणाऱ्यांनी मवाळ माणसाला डिवचताना विचार करावा. जहाल माणूस उलट लेख लिहितो. मवाळ माणूस वकील गाठतो.

परिणामांच्या बाबतीत माझा सर्वांत आवडता मजकूर मात्र मथळाही नाही, एक छोटीशी चौकट आहे. २९ ऑगस्ट १८८२ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंडला जिंकायला फक्त ८५ धावा हव्या होत्या. ऑस्ट्रेलियाच्या स्पॉफर्थने त्यांना ७७ वर गुंडाळलं, ऑस्ट्रेलिया सात धावांनी जिंकली. ‘स्पोर्टिंग टाइम्स’मध्ये रेजिनाल्ड ब्रूक्स नावाच्या पत्रकाराने इंग्लिश क्रिकेटची निधनवार्ता छापली, आपल्याकडे दुःखद निधनाची असते तशी काळ्या चौकटीतली. त्यात शेवटी होतं की पार्थिवावर दहनसंस्कार होतील आणि रक्षा ऑस्ट्रेलियाला नेली जाईल. कोपऱ्यातली टवाळी, दुसऱ्या दिवशी भजी बांधायला जायच्या लायकीची. पण त्याच हिवाळ्यात इंग्लंडचा कर्णधार आयव्हो ब्लाय ऑस्ट्रेलियाला निघाला तो ‘रक्षा परत आणतो’ म्हणत. तिथे त्याला एक वीतभरही नसलेली रक्षापात्री भेट मिळाली. ती आज लॉर्ड्सच्या संग्रहालयात आहे, आणि दोन देश सव्वाशेच्या वर वर्षं ‘ॲशेस’ मालिकेत, म्हणजे याच रक्षेच्या नावाने, भांडताहेत. मी आयुष्यात हजारो चौकटी केल्या. बहुतेक पाणीकपातीच्या.

क्रिकेटमध्येच एका संपादकाने आपला मजकूर अक्षरशः गिळल्याचंही उदाहरण आहे. १९८३ च्या विश्वचषकाआधी ‘विस्डेन क्रिकेट मंथली’चे संपादक डेव्हिड फ्रिथ यांनी लिहिलं, भारताची एकदिवसीय कामगिरी पाहता त्यांनी स्पर्धेतून बाहेर राहावं हेच बरं. तोवरच्या दोन विश्वचषकांत आपण फक्त पूर्व आफ्रिकेला हरवलं होतं, तेव्हा माणूस काही खोटं बोलत नव्हता. २५ जूनला लॉर्ड्सवर कपिलच्या संघाने वेस्ट इंडिजला ४३ धावांनी हरवल्यावर मान सिंग नावाच्या वाचकाने पत्र लिहिलं: आता शब्द खा. फ्रिथ यांनी कागद तोंडात घालून, सोबत रेड वाइन घेऊन फोटो काढला आणि तो अंकात छापला. दिलगिरी पाव कॉलमात उरकण्याच्या आमच्या धंद्यात एवढा दिलदार माणूस दुसरा मला माहीत नाही.

न बोललेलं वाक्य तोंडी घालण्याचा मथळा वेगळाच. ऑक्टोबर १९७५ मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर होतं. अध्यक्ष फोर्ड यांनी मदत नाकारणारं भाषण केलं आणि ३० तारखेच्या ‘डेली न्यूज’ने पानभर छापलं, फोर्ड शहराला म्हणतात: मरा. फोर्ड असं कधीच म्हणाले नव्हते. नंतर त्यांनी कर्जाला मंजुरीही दिली. तरी १९७६ च्या निवडणुकीत न्यूयॉर्क राज्य त्यांच्या हातून गेलं. मदत दिल्याची बातमी कुणाच्या लक्षात राहिली नाही, मथळा राहिला.

त्याच सुमाराला, जुलै १९७९ मध्ये, स्कायलॅब नावाची अमेरिकेची अंतराळप्रयोगशाळा कोसळणार म्हणून जगभर गहजब झाला होता. तुमच्या वडिलांच्या पेटीत तेव्हाचं एखादं कात्रण असणारच. कुठे पडणार, कधी पडणार, रोज पहिल्या पानावर. गोखले रोडवरच्या आमच्या वाण्याने तेव्हा पाटी लावली होती, ‘स्कायलॅब पडेपर्यंत उधारी बंद’. त्याचं म्हणणं सरळ होतं: गिऱ्हाईक जगलं तर रोख घेईल, मेलं तर वसुली कुणाकडून करायची? तिकडे ‘सॅन फ्रान्सिस्को एक्झामिनर’ने जाहीर करून टाकलं, स्कायलॅबचा पहिला तुकडा ७२ तासांत आमच्या कार्यालयात आणून देणाऱ्याला दहा हजार डॉलर. अमेरिकेत तो पडणार नाही, म्हणजे बक्षीस द्यावं लागणार नाही, हा हिशेब. तुकडे ऑस्ट्रेलियातल्या एस्परन्स गावाजवळ पडले. स्टॅन थॉर्नटन नावाचा सतरा वर्षांचा मुलगा अंगणातले जळके तुकडे घेऊन विमानात बसला आणि वेळेत सॅन फ्रान्सिस्कोला हजर झाला. पैसे द्यावे लागले. एस्परन्सच्या नगरपालिकेने वर नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलर दंड ठोठावला. तो २००९ मध्ये एका अमेरिकन रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून वर्गणी काढून भरला. ही बातमी वाचली तेव्हा आमच्या पालिकेच्या घनकचरा विभागाची मला फार आठवण झाली.

२१ सप्टेंबर १९९५ हा दिवस मात्र आम्ही स्वतः डेस्कवर भोगला. गणपती दूध पितोय. दुपारपर्यंत कौपिनेश्वरापासून कोपरीपर्यंत जिथे म्हणून देऊळ होतं तिथे रांग, हातात वाटी-चमचा. संध्याकाळी चहाला दूध मिळेना. मथळा काय द्यायचा? ‘प्याला’ लिहावं तर बातमीदाराने विज्ञानाच्या शिक्षकाची प्रतिक्रिया आणली होती. ‘प्याला नाही’ लिहावं तर सकाळी कार्यालयावर मोर्चा. अशा वेळी डेस्कचा तारणहार म्हणजे प्रश्नचिन्ह. टिळकांना त्याने वाचवलं नाही, आम्हाला वाचवलं. सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं, की पृष्ठताण आणि केशाकर्षणामुळे दूध मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने खाली ओघळतं. ती बातमी दुसऱ्या दिवशी लागली, पण रांगा कमी झाल्या त्या तिच्यामुळे नव्हे. दूध संपलं होतं.

आता तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या भागाकडे, मथळ्याची किंमत कोण मोजतं. इतका वेळ सांगितलेले सगळे मथळे भूतकाळातले होते: हरला, वाचले, गेले, म्हणाले. असा मथळा चुकला तर दुसऱ्या दिवशी पकडला जातो. कुणीतरी हसतं, कुणीतरी दावा लावतं, प्रकरण मिटतं. माझ्या मते सगळ्यात महागडे मथळे भविष्यकाळातले असतात. ‘होणार’, ‘लवकरच’, ‘मार्ग मोकळा’, ‘हिरवा कंदील’. हे कधीच चुकत नाहीत, कारण ‘लवकरच’ला तारीख नसते. त्यांचा खुलासा छापावा लागत नाही.

नवी मुंबईच्या विमानतळाचंच घ्या. केंद्राची मंजुरी २००७ ची, पर्यावरण खात्याची नोव्हेंबर २०१० ची, भूमिपूजन १८ फेब्रुवारी २०१८ ला, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला, आणि प्रवासी घेऊन विमानं उडाली ती २५ डिसेंबर २०२५ पासून. मधल्या अठरा वर्षांत या विमानतळाने आमच्या पानांवर जेवढी उड्डाणं केली, तेवढी धावपट्टीवरून व्हायला वेळ लागेल. ‘विमानतळाच्या मार्गातील अडथळे दूर’ हा मथळा तर कायम जुळवून ठेवावा असा होता. अडथळा कधी खारफुटीचा, कधी उलव्याच्या टेकडीचा, कधी नदीचं पात्र वळवण्याचा, कधी पुनर्वसनाचा. एक दूर झाला की मथळा, दुसरा उभा राहिला की मथळा.

आणि प्रत्येक मथळ्याच्या खाली, त्याच पानावर, जाहिरात: ‘विमानतळापासून अवघ्या दहा मिनिटांवर’. दहा मिनिटं कशाने, हे लिहिलेलं नसायचं, विमानाने असावीत. उलव्याच्या एका प्रकल्पाच्या कार्यालयात गेलो होतो, तिथे काउंटरच्या मागे भिंतभर आमच्याच पानांची कात्रणं फ्रेम करून लावली होती. विक्रीवाला मुलगा गिऱ्हाइकाला बोटाने एकेक मथळा दाखवत होता: ‘हे बघा, हिरवा कंदील. हे बघा, मार्ग मोकळा. दर वाढायच्या आत बुकिंग करा, काका.’ काकांनी खिशातून चष्मा काढला, मथळे वाचले आणि तारखा मात्र वाचल्या नाहीत, कारण फ्रेम बसवताना तारखेची ओळ कापलेली होती. असल्या ‘काकां’पैकी किती जणांनी निवृत्तीचे पैसे लावले आणि विमानाचा आवाज ऐकायला दीड तप थांबले, याचा खुलासा कुठल्याच पानावर आला नाही. ज्यांची भातशेती त्यात गेली, त्या गावांतल्या लोकांना तर ‘लवकरच’ हा शब्द दोनदा वाचावा लागला, विमानतळासाठी एकदा आणि पुनर्वसनासाठी एकदा.

मेट्रोचंही तेच. बेलापूर ते पेंधर अकरा किलोमीटर. १ मे २०११ ला पायाभरणी, आणि गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला, तीही उद्घाटनाच्या सोहळ्याशिवाय. साडेबारा वर्षं ‘लवकरच’ छापून झाल्यावर डेस्कला ‘अखेर’ छापायची संधी मिळाली. ‘अखेर’ हा ‘लवकरच’चा थकलेला भाऊ, तो आला की समजावं काम झालं. घोडबंदर रोडच्या मेट्रोच्या मथळ्यांबद्दल मी काही लिहीत नाही. त्या रस्त्यावर रोज अडकणारे वाचक हे वाचत असणार आणि त्यांच्याकडे वेळ भरपूर असतो.

तुमच्या पेटीतली कात्रणं फेकू नका, पण वाचताना दोन-तीन गोष्टी तपासा. तारीख कापलेली आहे का, ते आधी बघा. तारीख असली तरी घटना आदल्या दिवशीची असणार, हे धरून चाला. कोपऱ्यात आवृत्तीचं नाव असलं तर डाकेची की शहराची, ते पाहा, कारण दोघींचा मथळा वेगळा असू शकतो. त्याच दिवसाचा दुसरा अंक पाहायचा असेल तर ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारा. संस्था १८९३ पासूनची आहे. आणि कात्रण उलटं करून मागची बाजूही वाचा. वडिलांनी नेमकी कुठली बाजू जपून ठेवली होती, हे तुम्ही गृहीत धरलं असेल, पण मागे जमिनीची जाहिरात निघाली तर घरात एकदा सातबारा शोधा.